काजळा: गोव्याच्या खाडीकाठचं प्रिम्युला कुळातलं झुडूप कसं ओळखावं आणि कसं वाढवावं

थंडीत हौसेने आणलेली प्रिम्युलाची कुंडी गोव्यात फार तर फेब्रुवारीपर्यंत टिकते. मार्चच्या दमट उकाड्यात पानं सडतात आणि रोप बसतं. त्यात माळ्याची चूक नसते. भारतातले रानटी प्रिम्युला हिमालयातले आहेत, त्यांना थंड रात्री आणि गार माती लागते, आणि तळकोकणात दोन्हींचा पत्ता नाही. मात्र त्याच कुळातली, इथल्याच मातीत वाढलेली झाडं हवी असतील तर ती गोव्यात आहेत. पूर्वी ‘मिर्सिनेसी’ नावाचं वेगळं कुळ मानलं जाई. 2009च्या एपीजी-3 या फुलझाडांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते प्रिम्युलेसीमध्ये सामावून घेतलं गेलं. त्यामुळे घाटातलं वावडिंग आणि खाडीतला काजळा हे दोघेही आता प्रिम्युलाचे सगोत्र ठरले आहेत.

हा लेख काजळ्याचा आहे. शास्त्रीय नाव एजिसेरस कॉर्निक्युलाटम. खारफुटीच्या रांगेत तो कांदळ-तिवरांच्या मागे झाकला जातो म्हणून दुर्लक्षित राहतो, पण पांढऱ्या सुवासिक फुलांचे एवढे घोस आपल्या खारफुटीत दुसऱ्या क्वचितच कुणाला येतात. सुंदरबनात याला खलसी म्हणतात आणि तिथला खलसीचा मध बाजारात वेगळ्या नावाने विकला जातो.

कुठे शोधावा

समुद्राच्या तोंडाशी शोधत बसू नका. काजळ्याला नदीचं गोडं पाणी मिसळलेली खाडी आवडते. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, शिवाय उत्तरेला तेरेखोल-शापोरा आणि दक्षिणेला साळ-तळपण, अशा नद्यांच्या आतल्या वळणांवर, उपखाड्यांच्या काठांवर नजर ठेवा. पाण्याच्या अगदी कडेला चिखलावर ओणवलेलं, बुडापासून अनेक फांद्या फुटलेलं दोन-तीन मीटर उंचीचं झुडूप दिसलं की जवळ जाऊन पाहायचं. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1988पासून संरक्षित आहे. तिथे होडीतून पाहावं, ओळख पक्की करावी. फळं, फांद्या काही तोडू नये.

ओळख: पान आधी, फूल नंतर

फूल वर्षातले काहीच महिने असतं, पान बारा महिने. म्हणून सुरुवात पानापासून. तीन प्रश्न क्रमाने विचारायचे.

पहिला: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? कांदळ, तिवर, चिपी, किरकिरी, झुंबर, मारांडी या सगळ्यांची पानं फांदीवर जोडीने, समोरासमोर येतात. काजळ्याची एकाआड एक येतात. फांदीच्या टोकाशी पानं दाटीने असतात आणि तिथे फसायला होतं, म्हणून टोकापासून वीतभर खाली पाहा. या एका प्रश्नात बहुतेक खारफुटी बाद होते.

दुसरा: पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का? येत असेल तर तो हुरा आहे, काजळा नव्हे. हुऱ्याची पानंही एकाआड एक असतात आणि दोन्ही झुडपं शेजारी उभी राहतात, म्हणून गफलत होते. हा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं, आणि त्वचेवर फोड उठतात. ओळख पटलेली नसताना एकच पान, चेहऱ्यापासून लांब धरून, देठाशी मोडून पाहा. तो हात डोळ्यांना लावू नका. गळण्याआधी तांबडी झालेली पानं झाडाखाली पडलेली दिसली तरी हुऱ्याचाच संशय घ्यावा.

तिसरा: पानाच्या वरच्या बाजूला मिठाचे कण आहेत का? काजळ्याच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी सकाळी उशिरा पानावर बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, उन्हात कण चमकतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात, त्यामुळे जुलैत मीठ दिसलं नाही म्हणून झाड बाद करू नका. तिवर आणि मारांडीही मीठ टाकतात, पण ती पहिल्या प्रश्नातच गळलेली असतात. चाखून पाहण्याची खुमखुमी काहींना असते. चीक नाही याची खात्री होण्याआधी ती आवरलेली बरी.

तिन्ही प्रश्न पार पडले की बाकीच्या खुणा जुळवा. पान उलट्या अंड्याच्या आकाराचं, म्हणजे देठाकडे निमुळतं आणि टोकाकडे रुंद असतं. लांबी साधारण 4 ते 10 सेंटिमीटर, टोक गोल किंवा मधोमध किंचित खाच पडलेलं, स्पर्श चामड्यासारखा, मागची बाजू फिकट हिरवी. देठ आखूड आणि बहुधा गुलाबी-तांबूस. ही तांबूस छटा लांबूनही कळते. साल करडी ते काळपट. कांदळासारखी कमानदार आधारमुळं नाहीत, आणि तिवरासारखी चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळंही नाहीत. शेजारच्या तिवराची मुळं काजळ्याच्या बुंध्याभोवती उगवलेली असतात आणि ती त्याचीच वाटतात, एवढं सांभाळा.

पश्चिम किनाऱ्यावर विरळ असलेलं लुम्निट्झेरा हे झुडूपही एकाआड एक, टोकाला खाच असलेल्या पानांचं असतं. मात्र त्याचं पान मांसल असून जवळजवळ बिनदेठाचं असतं, त्यावर मीठ साचत नाही, आणि फळ छोट्या सुरईसारखं असतं. काजळ्याचं फळ शिंगासारखं वाकडं.

फुलोरा थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. एकाच बिंदूतून निघालेल्या देठांवर दहा-वीस, कधी अधिक, पांढरी फुलं छत्रीसारखी येतात. कळी टोकदार, पाकळ्या पाच, उमलल्यावर मागे वळणाऱ्या. खालची निदलं एकमेकांवर तिरकी चढलेली, जणू कुणी पीळ दिला आहे. दहापट भिंग असेल तर पुंकेसर पाहा. एरवी पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर असलेल्या फुलांत पुंकेसर बहुधा दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर येतो. इथे तो थेट पाकळीच्या मध्यासमोर उभा असतो. हिमालयातल्या प्रिम्युलातही हीच मांडणी असते, आणि कुळाचं नातं डोळ्यांनी पाहायची ही सर्वांत सोपी जागा. परागकोशांवर आडवे पडदे पडून बारीक खण झालेले दिसतात. ही मात्र काजळ्याची स्वतःची खूण.

फळ म्हणजेच रोप

काजळ्याच्या फळात सुकं बी नसतं. झाडावर असतानाच आतला गर्भ बीजावरण फोडून वाढू लागतो, फक्त फळाचं बाहेरचं कवच फोडत नाही. कांदळाची लांब शेंग झाडावर उघड लोंबते, इथे तोच प्रकार कवचाआड चालतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की हे बी वाळवून डबीत ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. ओल्या गोणपाटात, सावलीत फार तर आठवडाभर ठेवावं. फ्रिजमध्ये ठेवू नये.

फळं साधारण पावसाळ्यात तयार होतात, पण तारखेवर विसंबू नका, फळ पाहा. तयार फळ भरदार, पाच-सात सेंटिमीटर लांब, वाकडं असतं. गडद हिरवेपणा जाऊन पिवळसर किंवा गुलाबी झाक येते, आणि हलकेच पिळलं की ते निदलातून सुटतं. ओढावं लागलं तर ते कच्चं आहे, तसंच राहू द्या. बारीक भोक पडलेली, एका बाजूने काळी पडलेली किंवा दाबल्यावर पोकळ लागणारी फळं अळीने पोखरलेली असतात. तीच पहिल्यांदा गळतात, म्हणून चिखलावर पडलेली वेचताना प्रत्येक फळ फिरवून पाहावं. शंभर रोपं हवी असतील तर दीडशे फळं गोळा करा, आणि ती दहा-बारा झुडपांवरून थोडी थोडी घ्या. एकाच झुडपाची संतती एका ठिकाणी लावण्यात काही शहाणपण नाही.

परवानगीचा मुद्दा इथेच येतो. खारफुटीचं क्षेत्र किनारी नियमन क्षेत्राच्या 1-ए वर्गात मोडतं. तिथे फळं गोळा करायची किंवा लागवड करायची तर आधी वन खात्याशी बोला. खाजनाची, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली, जमीन असेल तर कोमुनिदाद (गावकीची जमीनसंस्था) किंवा ती कसणाऱ्या कुळांची संघटना यांनाही विचारायला हवं.

रुजवण

फळं बादलीत घालून बुडतील एवढं मचूळ पाणी ओता. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. एक भाग समुद्राचं पाणी आणि चार भाग गोडं पाणी केलं की लिटरला 7 ग्रॅम पडतात, काजळ्याच्या रोपांना ते मानवतं. समुद्र लांब असेल तर मिठागरातलं जाडं मीठ दहा लिटरच्या बादलीला 70 ग्रॅम. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. पाणी रोज बदला. दोन-चार दिवसांत कवच फुगून फाटतं आणि आतला हिरवा दांडा मोकळा होतो. आठवड्याने न फाटलेली फळं टाकून द्या. नखाने कवच सोलण्याची घाई करू नये, मुळाचं टोक दुखावतं आणि तिथूनच कूज सुरू होते.

बादलीतलं पाणी माशांच्या तळ्यात ओतू नका. काजळ्याच्या सालीत आणि बियांत सॅपोनिन असतं. मासे बधिर करून धरण्यासाठी ही साल वापरण्याची जुनी पद्धत अनेक किनाऱ्यांवर होती.

पिशव्या काळ्या पॉलिथिनच्या, साधारण पाच बाय आठ इंची, तळाला आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोकं पाडलेल्या. भरण्यासाठी तीन भाग खाडीचा चिखल आणि एक भाग वाळू. नुसता चिखल वापरला तर तो सुकताना विटेसारखा आवळतो आणि मुळं पिशवीच्या कडेनेच गोल फिरतात. शेणखत नको, चिखलात आधीच पुरेसं असतं आणि जास्तीचं खत हवेविना कुजून दुर्गंधी सोडतं. पिशवी काठोकाठ भरा. वर दोन बोटं जागा सोडली तर पाणी साचून कोंब कुजतो.

मूळ फुटलेलं दिसलं की ते टोक खाली करून दांड्याचा एक-तृतीयांश भाग चिखलात रोवा. मूळ कुठल्या बाजूला हे कळत नसेल तर दांडा आडवा ठेवून अर्धा दाबा, मूळ आपोआप खाली वळतं. उलटा रोवलेला दांडा मात्र वाया जातो.

रोपवाटिका ओहोटीला उघडी पडणाऱ्या पण उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला पिशव्यांच्या अर्ध्यापर्यंत पाणी येणाऱ्या जागी करता आली तर पाणी घालण्याचं काम वाचतं. ते जमत नसेल तर अंगणात वाफा खणून, ताडपत्री अंथरून, दिवसातून दोनदा पाणी. पहिले चार ते सहा आठवडे पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, मग ती टप्प्याटप्प्याने काढून पूर्ण ऊन. जाळी तशीच ठेवली की रोपं उंच, लुळी होतात आणि काठावर पहिल्याच लाटेला आडवी पडतात.

खाऱ्या पाण्याची सवय सावकाश लावायची. पहिले दोन महिने 7 ग्रॅमचंच पाणी, नंतर एकास तीन, आणि जिथे लावायचं तिथलं उन्हाळ्यातलं पाणी जास्त खारं असेल तर शेवटच्या महिन्यात एकास एक. मांडवीसारख्या नदीत जुलैत वरचा थर जवळजवळ गोडा असतो आणि मेमध्ये मुखाजवळ तो समुद्राएवढा खारा होतो. हा फरक रोपाला आधी रोपवाटिकेत सोसू द्या.

काजळा हळू वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये रुजवलेलं रोप वीतभर उंच आणि सहा-आठ पानांचं व्हायला सहा ते बारा महिने घेतं. याआधी लावायची घाई बहुतेक वेळा अंगलट येते.

जागा

खारफुटीची लागवड फसते ती बहुतेक वेळा जागेच्या उंचीमुळे. रोप चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा. फार खाली लावलं तर रोप दिवसातला बराच वेळ पाण्याखाली राहतं आणि गुदमरतं. फार वर लावलं तर चिखल उन्हाळ्यात तडकतो आणि क्षार साचतात. गोव्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या वर जातो आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तो जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे एका दिवसाच्या पाहणीवर भरवसा ठेवता येत नाही. बांबूची काठी रोवून तिच्यावर वीतवीतभर अंतराने रंगाच्या खुणा करा आणि अमावास्येपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत पाण्याची चढउतार पाहा. ज्या उंचीवर पाणी दिवसाच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी वेळ राहतं, ती पट्टी आपली. जवळपास नैसर्गिक काजळा असेल तर हे सगळं सोपं: त्याच्या बुंध्याची पातळी हीच आपली पातळी.

काही ठिकाणी लावूच नये. खाजनातल्या भातशेतीत नाही, तिथे खारफुटी शिरली म्हणजे बांध फुटून खारं पाणी आत आलं असा अर्थ होतो आणि शेतकरी ती उपटणार, त्याचा राग रास्त आहे. बांधाच्या अंगावर नाही, कारण मुळांच्या आणि खेकड्यांच्या भोकांतून पाणी झिरपतं. बांधाच्या पायथ्यापासून बाहेर, नदीच्या बाजूला दोन-तीन मीटर अंतर सोडून लावलं तर तीच झाडं लाटांचा मारा झेलतात. मानशीच्या (खाजनातलं पाणी सोडण्या-अडवण्याच्या दरवाजाच्या) तोंडासमोर आणि पोयीच्या (खाजनातल्या पाणवाटेच्या) वाटेत नाही. उघड्या चिखलपट्ट्यांवरही नाही: तिथे तिसऱ्या-खुबे अशी शिंपली असतात, हिवाळी पक्षी चरतात, आणि झाडं नसणं हाच त्या जागेचा गुण असतो. काठावर आधीच खारफुटीची रोपं आपोआप उगवत असतील तर तुमच्या लागवडीची तिथे गरजच नाही.

लावणी

शांत उपखाडीत ऑगस्टअखेर लावता येतं. वाहत्या काठावर मात्र पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अष्टमीच्या आसपासचा भांगाचा दिवस निवडा म्हणजे पहिले काही दिवस पाणी कमी चढतं आणि मुळं चिखल धरतात. उधाणाच्या तोंडावर लावलेली रोपं वाहून जातात.

ओहोटी लागली की पिशवीपेक्षा किंचित मोठा खड्डा करा, पिशवी उभी चिरून पूर्ण काढा, मातीचा गोळा फुटू न देता बसवा. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, चिखलाच्या पातळीलाच हवी. खोल गाडली तर साल कुजते. टाचेने बाजूने दाबा. प्रवाह असेल तर तिरकी बांबूची काडी आणि सुंभाचा सैल फास. प्लास्टिकची दोरी नको, खोड जाडावलं की ती आत रुतते. रोपांत एक मीटर अंतर, रांगा एकाआड एक. काढलेल्या पिशव्या मोजून परत आणा. लावलेल्या रोपांइतक्याच भरल्या पाहिजेत.

काय बिघडतं

पहिले दोन महिने आठवड्याला फेरी मारा. भरतीबरोबर आलेलं प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे, शेवाळाची चादर रोपावर अडकते आणि तिच्या वजनाने रोप वाकतं. हे सगळं हाताने काढायचं. खोडावर खडकाला चिकटतात तसे कवचवाले बार्नॅकल साचले तर बोथट लाकडी पट्टीने खरवडा. ते पुन्हापुन्हा भरपूर येत असतील तर जागा फार खाली आहे असं समजा आणि उरलेली रोपं वर हलवा. कोंब कात्रीने कापल्यासारखे दिसले तर ते खेकड्यांचं काम. रोपाभोवती बांबूची फूटभर उंच नळी बसवली की वाचतं. गुरं आणि शेळ्या ओहोटीला काठावर उतरत असतील तर कुंपणाशिवाय लावू नका.

पानांच्या कडा करपल्या तर क्षार जास्त. सगळं पान एकसारखं पिवळं पडून गळत असेल तर पाणी साचतंय, निचऱ्याचा चर काढा. पानावरची पांढरी पूड म्हणजे भुरी नव्हे, मीठ आहे. त्यावर बुरशीनाशक फवारणारे लोक असतात. ओल्या बोटाने पुसून पाहा, मीठ विरघळतं.

मेलेल्या रोपांच्या नांग्या पुढच्या पावसाळ्याअखेर भरा. पण एकाच ठिकाणी दुसऱ्यांदाही रोपं मेली तर तिसऱ्यांदा लावू नका, पुन्हा काठी रोवून पातळी मोजा.

कुंडीत

काजळा गोड्या पाण्यातही वाढतो, म्हणून बाल्कनीत ठेवता येतो. बारा इंची टबमध्ये दोन भाग चिखल, एक भाग वाळू, एक भाग कोकोपीट. टब पसरट परातीत ठेवून सकाळी दोन-तीन इंच पाणी भरा, संध्याकाळी ओतून टाका. एवढीच भरती-ओहोटी त्याला पुरते, आणि डासही होत नाहीत. पाणी मचूळ वापरत असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, नाहीतर बाष्पीभवनाने मीठ साचत जातं. ऊन पाच-सहा तास. फुलांसाठी तीन-चार वर्षं तरी थांबावं लागतं. छाटणी करायची तर फुलोरा संपल्यावर, कारण टोकं कापली की त्या वर्षीचा बहर गेला.